गुलाबी ज्वारी

तुरी फुलल्या की माझं नाक बंद होतं आणि कान उघडतात.

नाक बंद होतं ते सोयाबीनच्या कुटारानं, मळणीत उडणाऱ्या भुश्यानं. आमच्या अनसिंगच्या शिवारात मळणीची यंत्रं धडधडायला लागली की हवेत हवा कमी आणि कुटार जास्त असतं. एका सुगीत मी भर चौकात शिंकलो, तर त्या एका शिंकेतून निघालेल्या कुटारावर शेजारच्या माणसानं आपली बकरी आठवडाभर पोसली. बकरी अजून जिवंत आहे, विचारून घ्या. कान उघडतात ते मात्र पाखरांमुळं. पावसाळाभर टिनाच्या तडतडाटानं बधिर झालेल्या कानात एक दिवस पहाटे अचानक मागच्या अंगणातला गलबला शिरतो, आणि मला अंथरुणातच कळतं की पाऊस गेला, ऊन पिवळं झालं, शिवारात तुरी फुलल्या, आता रब्बीची पेरणी.

या आठवड्यातही तसंच झालं. गलबला ऐकून उठलो, चूळ भरली, तेवढ्यात दारात सुदामदादाची फटफटी थांबली. सुदामदादा माझा थोरला भाऊ. शेती तो करतो, मी फोटो काढतो. फटफटीच्या मागं बियाण्याचा डबा दोरीनं बांधलेला होता. दादानं दोरी सोडायला हात घातला आणि आमच्या घरातली तिन्ही माणसं, म्हणजे मी, माझी बायको वंदना आणि आमचे बाबा, एकाच वेळी ओरडलो, "डबा घरात नको!"

दादा दचकला. मग वरमून हसला.

"अबे, वर्ष झालं त्या गोष्टीले."

"दहा होऊ द्या, भाऊजी," वंदना म्हणाली. "तुमी आत या. डबा गाडीवरच राहू द्या."

दादानं बिचाऱ्यानं चहा उंबऱ्यात उभा राहून, एक डोळा डब्यावर ठेवून प्यायला. आणि मला मागच्या वर्षीचा तो अख्खा हंगाम आठवला. त्याचा वास, त्याचं ऊन, आणि मधोमध बसलेला तो एक दिवस.

मी लग्नाचा फोटोग्राफर. या भागात माझ्या फोटोशिवाय लग्न लागलंच असं लोक मानत नाहीत. एका गावात तर मी पोचायला उशीर केला म्हणून भटजींनी मंगलाष्टकं तीनदा म्हटली आणि नवरदेवाला दाढी पुन्हा करावी लागली. पण आषाढ लागला की आमचा धंदा पाण्यात जातो. तुळशीचं लग्न लागेपर्यंत माणसांचं लागत नाही. कॅमेऱ्याला सवय वाईट असते. इतके महिने नवरी दिसली नाही की त्याचं शटर उदास होऊन अर्ध्यातच अडकतं. त्याच्या तब्येतीसाठी म्हणून मी तो मागच्या अंगणाकडं वळवला.

स्टुडिओ पुढं, घर मधे आणि अंगण मागं, अशी आमची रचना. अंगणात एक शेवगा, एक जास्वंद, मोरीच्या पाण्यावर माजलेलं अळू आणि नाव कोणालाच माहीत नसलेली एक वेल. तिथं मी एका मोडक्या ट्रायपॉडवर पाण्याच्या टाकीचं जुनं झाकण उलटं बांधून ठेवलं आणि त्यात दाणा टाकायला लागलो. पहिल्या दिवशी एक चिमणी आली. तिनं सगळीकडं सांगितलं असावं. महिनाभरात एवढी गर्दी झाली की शेवग्याच्या फांद्या एका बाजूला कलल्या आणि पाखरं उडून गेल्यावर सरळ व्हायला त्यांना दुपार लागायची.

मला फोटो काढायची एकच पद्धत येते, लग्नाची. तीच मी पाखरांना लावली. होला हा मुलीचा बाप. छाती पुढं, मान खाली, घशातल्या घशात घुमतो आणि कोणाशी भांडत नाही. बुलबुलजोडी म्हणजे मुलीच्या मावश्या, डोक्यावर तुरे खोचून आधी स्वयंपाकघराकडं बघणाऱ्या. सातभाई हे वऱ्हाडातले ते पाहुणे, जे बसमधून उतरताना भांडायला सुरुवात करतात आणि पंगतीत भांडण पूर्ण करतात. हुदहुद वर्षातून दोनदा येतो, फेटा बांधलेला, कोणाचा पाहुणा हे शेवटपर्यंत कळत नाही, पण प्रत्येक फोटोत मधे. दयाळ भाषण करणारा. धोबी पक्षी हिवाळ्याचा, शेपटी वरखाली करत असा चालतो की जणू पंगतीत कुठं काय कमी पडलं ते बघतोय. आणि चिमण्या म्हणजे चिमण्या, करवल्या, सगळीकडं एकदम. मी लेन्स लावून म्हणायचो, "मावशी, थोडं डावीकडं. हं, काका, हसा." वंदना खिडकीतून म्हणायची, "हासले का?" मी म्हणायचो, "हसले." फोटो दाखवल्यावर तिलाही मान्य करावं लागायचं की होला थोडा हसलाय.

आता दाण्याचं सांगतो, कारण सगळी गंमत दाण्यात आहे.

आमच्याकडं लग्नात अक्षता तांदळाच्या कमी, ज्वारीच्या जास्त. खायच्या रंगात रंगवून वाळवलेली गुलाबी ज्वारी. ती नवरा-नवरीच्या डोक्यावर पडावी अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती पुढच्या माणसाच्या टकलावर, फोटोग्राफरच्या कॉलरमध्ये आणि उरलेली मांडवाच्या सतरंजीवर पडते. 'शुभमंगल सावधान' झालं की माणसं पंगतीकडं पळतात आणि सतरंजीवर एका कुटुंबाची दुपारची भाकर पडून राहते. मी कॅमेऱ्याच्या बॅगेत एक छोटा झाडू आणि एक पिशवी ठेवायला लागलो. पंगत बसली की मी सतरंजी झाडायचो. एका वधुपित्यानं मला नोकर समजून अंगणही झाडायला सांगितलं, तेही झाडलं. आम्हा बौद्धांच्या लग्नात फुलं असतात, तिथून मी नुसता जेवून यायचो. पण बाकीच्या लग्नांतून उन्हाळाभर एवढी ज्वारी जमायची की घरी तेलाचा एक पत्र्याचा डबा भरून जायचा. वंदना ती चाळायची, पाखडायची. तरी तिच्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, मुंडावळीचे मोती, एखादी केसाची पिन राहायचीच. आमच्या पाखरांनी जेवढ्या लग्नांचं खाल्लं असेल तेवढ्या लग्नांचं मीसुद्धा खाल्लं नाही.

दाणा टाकायचं काम मात्र बाबांनी माझ्या हातून काढून घेतलं होतं. "तू फोटो काढ. तुह्यानं दाना सांडते," म्हणाले. सकाळी डोक्याला उपरणं गुंडाळून ते अंगणात जायचे, डब्यातून बरणीत काढून ठेवलेली ज्वारी झाकणात ओतायचे आणि शेवग्याला टेकून उभे राहायचे. आई गेल्यापासून घरात त्यांचं बोलणं चहा आणि ऊन या दोन विषयांपलीकडं जात नव्हतं. पाखरांशी मात्र ते बोलत. काय बोलत ते मला लांबून ऐकू येत नसे आणि जवळ गेलं की ते गप्प होत.

तर त्या हंगामात सुदामदादा असाच बियाणं घेऊन आला. कृषी केंद्रातून आणलेली रब्बीची ज्वारी, औषध लावलेली, आणि औषधाबरोबर ओळखू यावी म्हणून रंग लावलेली. रंग कोणता? गुलाबी. पिशवी वाटेत फाटली होती, म्हणून त्यानं ती कुणाकडून तरी मागून घेतलेल्या तेलाच्या पत्र्याच्या डब्यात ओतली होती. तो मुक्कामाला थांबला, बियाण्याचा डबा त्यानं मागच्या दाराशी ठेवला. आमचा अक्षतांचा डबा आधीपासून तिथंच. दोन्ही डबे एकाच तेलाचे, एकाच उंचीचे, एकाच बाजूनं चेपलेले. सकाळी उजाडायच्या आत दादा उठला आणि अंधुक उजेडात एक डबा फटफटीला बांधून शेताकडं निघून गेला.

ऊन डोक्यावर आलं आणि त्याचा फोन आला.

"मिल्या, मी काय लगन पेरून राह्यलो का बे?"

"काय झालं?"

"अरे, पेरनीयंत्राच्या नळीत काहीतरी अडकलं म्हनून काढून पाह्यलं, तं मुंडावळीचा मोती! मंग बियानं हातात घेतलं तं त्यात फुलाच्या पाकळ्या. केसाचा आकडा निंघाला एक. हे काय आनलं मी तुह्या घरून?"

मी हसायला लागलो. इतका हसलो की स्टुडिओतलं गिऱ्हाईक, जे ओळखपत्राच्या फोटोसाठी गंभीर चेहरा करून बसलं होतं, तेही हसलं आणि त्याचा फोटो तसाच निघाला. जाता जाता सांगून टाकतो, दादानं पेरलेल्या त्या ओळींतली ज्वारी पुढं उगवली, आणि प्रत्येक धाट जोडीजोडीनं उगवलं, एक उंच, एक जरा ठेंगणं. दादा कबूल करत नाही, पण मी पाहिलंय.

हसता हसता माझ्या डोक्यात दुसरा अर्धा भाग शिरला. अक्षता दादाकडं गेल्या. मग बियाणं कुठं आहे?

फोन कानाला तसाच ठेवून मी मागच्या दाराकडं धावलो. दाराशी डबा होता. झाकण उघडं. आत गुलाबी ज्वारी, आणि ज्वारीत खोचलेला बाबांचा ॲल्युमिनियमचा मग.

"मिल्या? अबे आहे का?" दादा फोनमधून ओरडत होता. "त्या बियान्याले हात नको लावू देऊ कोनाले. जहर आहे थे. वळवळनारी अळी मरते त्याच्यानं, पाखराची काय गोष्ट!"

अंगणात टाकीचं झाकण रिकामं होतं. दाणा एकही नाही. नुसती गुलाबी भुकटी तळाला.

आणि पाखरू एकही नाही.

दुपारी पाखरं नसतातच. हे मला रोजचं माहीत होतं. ती त्या वेळी ओढ्याच्या काठच्या बाभळींत जाऊन बसतात, माणसांसारखीच. पण त्या दुपारी मला ते काही केल्या आठवेना. शेवग्याची पानं हलत नव्हती. लांब कुठंतरी मळणीचं यंत्र घरघरत होतं, ते थांबलं, आणि मग जी शांतता झाली ती मी आजवर कुठल्याच मांडवात, नवरी सासरी जाताना रडून थकल्यावरसुद्धा, ऐकली नव्हती.

"वंदना!"

ती कांदा चिरत होती, तशीच विळीवरून उठून आली. डबा बघितला, त्यात खोचलेला मग बघितला, मला काही सांगावं लागलं नाही. ती रिसोडची, बियाण्याच्या बाजारात वाढलेली.

"मामाजीनं यातलंच टाकलं का?"

"मला काय माहीत? बाबा कुठं?"

"वाशिमले गेले नाही का सकाळी? जीपनं. बँकेत हयातीचा दाखला द्याले."

म्हातारपणाची पेन्शन चालू राहावी म्हणून माणसानं वर्षातून एकदा जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवून यावं लागतं. बाबा तिकडं आपण जिवंत असल्याचं सिद्ध करत रांगेत उभे होते, आणि इकडं मी ज्यांना कोणी दाखला मागत नाही त्यांना शोधत अंगणभर फिरत होतो. मी बाबांना फोन लावला. दोरीवर अडकवून ठेवलेल्या त्यांच्या कोटाच्या खिशातून तो वाजायला लागला.

मग आम्ही नवराबायकोनं त्या झाकणाचा वास घेतला. माझं नाक कुटारानं पार बंद. मी झाकणात तोंड खुपसून श्वास ओढत होतो, तेवढ्यात शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. "काय रे मिलिंद, जेवायले ताट नाही का घरात?" मी झाकण वंदनाकडं दिलं. तिनं हुंगलं.

"मले तं कांद्याचाच वास येते, बाप्पा."

"हात धुऊन हुंग."

"हातानं हुंगते का मी?"

अशा वेळी माणूस भांडतो, कारण भांडणं सोपं असतं.

मी कॅमेरा आणला. सकाळी उजेड चांगला होता म्हणून मी बरेच फोटो काढले होते. कॉम्प्युटरवर ते मोठे करत गेलो. सगळे होते. मुलीचा बाप होला होता. मावश्या होत्या. एक चिमणी चोचीत गुलाबी दाणा धरून थेट माझ्याकडं बघत होती. मी तो फोटो मोठा केला, अजून मोठा केला, दाणा पडद्याएवढा झाला, आणि तो नुसते गुलाबी चौकोन होऊन विरघळला. अक्षता की बियाणं, चौकोन सांगेनात. झाकणाच्या कडेला एक वाळकी पाकळी दिसली. मी ओरडलो, "हे बघ, झेंडू! अक्षताच होत्या!"

वंदनानं पडद्याला नाक लावलं. "कालची अशीन. झाकन कोन घासते रोज?"

मी आयुष्यभर माणसांना जे दिसायचं नव्हतं ते फोटोत दाखवून पोट भरलं. काळ्याला गोरं केलं, रडणाऱ्याला हसरं केलं, न आलेल्या मामाला शेवटच्या रांगेत चिकटवलं. आणि त्या दिवशी मला खरोखर जे हवं होतं ते त्या कॅमेऱ्याला दाखवता येईना.

शेवग्याखाली एक चिमणी पडलेली वंदनाला दिसली. पंख पसरलेले, डोळे मिटलेले, अर्धी मातीत. वंदनानं तोंडावर पदर धरला. मी हळूहळू गेलो, गुडघ्यावर बसलो, हात पुढं केला. चिमणी ताडकन उठली, माझ्या तोंडावर मूठभर धूळ उडवली, मला अशी एक शिवी दिली की चिमणीच्या तोंडी शोभू नये, आणि भिंतीपलीकडं गेली. ती धुळीची आंघोळ करत होती. मी तिच्या मोरीत न विचारता शिरलो होतो.

वंदना हसली आणि तिथंच खाली बसून रडायला लागली.

"मामाजीले काय सांगाचं?" ती म्हणाली.

खरी गोष्ट तीच होती. पाखरं एका बाजूला आणि बाबा एका बाजूला, आणि दोन्ही एकाच दोरीनं बांधलेले.

बाबा तरुणपणी राखणदार होते. त्या काळी आमच्याकडं सोयाबीन नव्हतं, नजर जाईल तिथं ज्वारी. कणसं दुधात आली की मालक लोक माणूस ठेवत आणि तो माणूस शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, चढून दिवसभर गोफण फिरवत पाखरं हाकलत असे. मी लहानपणी बाबांची भाकर घेऊन जायचो. माळ्याच्या फळ्या उन्हानं तापलेल्या असायच्या, खाली ज्वारीचा हिरवट गोड वास, आणि बाबांच्या डोक्याभोवती गोफण घूं घूं करायची. मग फटकन आवाज व्हायचा आणि दगड जायचा तो नेहमी धुऱ्यापलीकडं, बांधाच्या पार. भोरड्यांचा थवा उठायचा, वळायचा, शेजारच्या शेतात पडायचा. आजूबाजूच्या राखणदारांकडं संध्याकाळी मेलेल्या पाखरांची जुडी असायची, तिची भाजी व्हायची. बाबांकडं कधी नाही. मालकानं एकदा विचारलं, "काहून रे किसन, तुह्या गोफनीनं पाखरू मरत नाही?" बाबा माळ्यावरून म्हणाले, "मालक, मले राखन ठेवलं. शिकारी ठेवाचा असन तं दुसरा पाहा."

मी खूप गप्पा मारतो, पण ही थाप नाही. त्या माणसानं उभ्या जिंदगीत हजारो दगड फेकले आणि एकही पाखरू मारलं नाही. आणि आता म्हातारपणी, प्रेमानं, मगानं दाणा टाकून... मला वाटलं, बाबांनी वाशिमलाच राहावं. रांग लांब असावी. साहेब जेवायला गेलेला असावा.

आम्ही डबा अंगणातून बाहेर काढायला गेलो आणि घाईत माझा पाय अडकला. बियाण्याचा एक ढीग भिंतीच्या कडेला फरशीवर सांडला. वंदना झाडू घेऊन आली. भरलं, वर पाणी ओतलं, माती टाकली, पण फरशीच्या भेगांतून गुलाबी ठिपके दिसतच राहिले. ती एकेक दाणा पिनेनं काढत बसली आणि मी चुकीच्या जागी उजेड धरत उभा राहिलो.

ऊन उतरलं. तुरीच्या शेतांवरून येणारं ते संध्याकाळचं ऊन, ज्यात कुटाराचा कण न् कण सोन्याचा दिसतो. फोटोग्राफरला याहून चांगला उजेड मिळत नाही. कॅमेरा गळ्यात होता, पण फोटो कुणाचा काढणार?

बाहेर जीप थांबली. बाबा आले. धोतराला धूळ, हातात केळी, चेहऱ्यावर सरकारदरबारी जिवंत ठरल्याचं समाधान. आम्हा दोघांना अंगणात मातीनं माखलेलं बघून थबकले.

"काय गाडून राह्यले?"

मी एक झकास थाप तयार केली होती. मांजर, साप आणि फुटलेली पाइपलाइन, तिन्ही होते तिच्यात. पण वंदनानं सरळ तोंड उघडलं.

"मामाजी, सकाळी पाखरायले कोनता दाना टाकला? बरनीतला का डब्यातला?"

"बरनीतला. काहून?"

"मंग तुमचा मग डब्यात कसा?"

"बरनी सरली ना. झाडून झुडून शेवटचं टाकलं. मंग म्हटलं डब्यातलं थोडं अजून टाकावं, आत मग घातला, तं थो जीपवाला! हॉर्नवर हॉर्न, हॉर्नवर हॉर्न. जसं काय त्याच्याच बापाची वाशिम पळून चालली. मग तसाच डब्यात सोडला अन् गेलो."

वंदना मटकन ओट्यावर बसली. माझ्या अंगातून काहीतरी निघून गेलं, आणि ते गेल्यावर मला कळलं की दुपारपासून मी पोट आत ओढून उभा होतो. त्या जीपवाल्याला मी आजवर हॉर्नसाठी शंभर शिव्या दिल्या असतील. त्या क्षणी तो समोर असता तर मी त्याच्या सात पिढ्यांच्या लग्नांचे अल्बम फुकट करून दिले असते.

"काहून विचारता पन?" बाबा म्हणाले.

वंदनानं सगळं सांगितलं. डबे, दादा, मोती, बियाणं. बाबा ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला की जणू दाणा टाकलाच होता. हातातली केळी त्यांनी खाली ठेवली.

आणि तेवढ्यात पाखरं आली.

बाभळींवरून, शाळेच्या टिनावरून, शेवग्यावर न थांबता, सगळी एकदम. दिवसभर उपाशी असल्यासारखी. चिमण्या, बुलबुल, सातभाई भांडत, वर भोरड्यांचा थवा चादर झटकल्यासारखा वळत. माझा आनंद घशात यायच्या आत मला दिसलं की ती झाकणावर उतरत नव्हती. झाकण रिकामं होतं. ती भिंतीच्या कडेला उतरत होती. जिथं माती ओली होती आणि भेगांत गुलाबी ठिपके होते.

मी हात वर केला, पण माझ्या तोंडातून आवाज फुटला नाही.

आवाज बाबांचा फुटला. "हाऽऽऽऽ! हुऽऽर्रे हुऽऽर्रे, हाऽऽऽऽ!" तो आवाज या घरात मी कधीच ऐकला नव्हता. माळ्यावर ऐकला होता, चार शेतांपलीकडून. अनसिंगमधली कुत्री गप्प झाली, स्टँडवर उभी असलेली एसटी न सांगता सुटली आणि शेजारच्या काकूंच्या कढीला त्या दिवशी उकळी आलीच नाही. बाबा दोन्ही हात वर करून, उपरणं फिरवत भिंतीकडं धावले, आणि अख्खं अंगण वर उडालं. एका क्षणी जमीन करडी होती, दुसऱ्या क्षणी आकाश. पंखांचा वारा माझ्या तोंडावर आला. एकही पाखरू खाली राहिलं नाही. मी डोळे फाडून बघितलं, एकही नाही. सगळी वर. सगळी उडती.

माझं बोट कधी दाबलं गेलं मला माहीत नाही. तो फोटो माझ्या स्टुडिओत लावलेला आहे. हलला आहे, बाबांचं एक पाऊल चौकटीबाहेर गेलंय, चष्मा नाकावरून लोंबतोय, आणि वर सगळं आभाळ पाखरांनी भरलेलं. गिऱ्हाइकं विचारतात, "हे आजोबा पाखरं बोलावत आहेत का?" मी प्रत्येकाला वेगळी कथा सांगतो. एकाला सांगितलं, हे पाखरांचे पोलीस पाटील. एका नवरदेवाला सांगितलं, हा अक्षतांचाच फोटो आहे, फक्त उलट्या पडताहेत.

त्यानंतर आम्ही भिंतीच्या कडेवर फळ्या टाकल्या, वर पोती टाकली, वर दगड ठेवले. दादा अंधार पडायच्या आत येऊन आपला डबा घेऊन गेला, बोलणी खाऊन गेला. वंदनानं चहा केला. पाखरं शेवग्याच्या शेंड्याला, लांब, फुगून बसली होती. खाली उतरायला तयार नव्हती.

बाबा ओट्यावर बसले होते. इतकं ओरडल्यानं त्यांना खोकला लागला होता. चहा बशीत ओतून त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

"मिलिंद."

"काय, बाबा?"

"लई जोरात हाकललं मी त्यायले."

"मग काय करणार होते?"

"थे नाही. उद्या येतीन ना? इतक्या दिसायचा इस्वास होता. रुसतीन तं नाही?"

वंदना माझ्याकडं बघून हसायला लागली. मलाही हसू आलं. दुपारभर ज्या चिंतेनं आमचं पोट आत ओढलं होतं तिच्यापुढं ही चिंता इतकी लहान, इतकी घरगुती होती की मला ती चहाबरोबर खावीशी वाटली. कोण रुसलं, कोण आलं नाही, कोणाला बोलवायला माणूस पाठवायचा. मांडवात मी हेच ऐकत आलो आहे आणि प्रत्येक वेळी कंटाळलो आहे. त्या संध्याकाळी कंटाळा आला नाही.

"रुसू द्या, बाबा," मी म्हणालो. "रुसायले जिवंत राहावं लागते."

बाबांनी बशीतला चहा पिऊन टाकला. उठले, ट्रायपॉडवरचं झाकण सोडलं, मोरीवर नेलं, चुलीतली राख घेतली आणि ते घासायला बसले. आम्ही दोघं मदतीला गेलो तर हात लावू देईनात. वर शेवग्यावर सातभाईंनी भांडण काढलं होतं.

"बरं," बाबा घासता घासता, वर न बघता म्हणाले. "रुसू दे. सकाळी मनवू."